मोगरा वहिनीला

आधीच सांगून टाकते, माझं अक्षर चांगलं नाही. ओळ सरळ जात नाही. मी चौथीपर्यंत शिकले, आणि कोणती वेलांटी पहिली आणि कोणती दुसरी हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच, तर चुका सांभाळून घ्याव्या. काकाजींनीही घेतल्या होत्या, आणि त्यांना तर माझी एक चूक फार महाग पडली होती.

काकाजी म्हणजे आमच्या कारखान्याचे मालक. कारखाना म्हणायचं म्हणून म्हणायचं. यवतमाळजवळ लोहाऱ्याला एमआयडीसीत टिनाची एक शेड, तिच्यात अगरबत्तीची एक मशीन, आणि आम्ही चार बाया. मागच्या खोलीत काकाजी आणि काकू राहायचे. अगरबत्तीवर सगळ्यांचं पोट चालायचं आणि काकाजींचा जीव होता अत्तरावर. अत्तर फार कमी खपायचं. काकाजींना त्याचं काही वाटायचं नाही. आता ते दोघं नागपूरला लेकीकडे राहतात आणि त्या शेडमध्ये पाइपाचं काम चालतं. पण मी तिथून जाते तेव्हा नाक आपोआप वर होतं.

काम मागायला गेले त्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्याभोवती एक चक्कर मारली, हवेत दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "सकाळी ज्वारीची भाकर केली. डोक्याले खोबरेल तेल. अन् भ्याली हायेस."

मला विचारावंसं वाटलं, भीतीलाही वास येतो का? पण माझ्या तोंडून चार माणसांत शब्द निघत नाही. लहानपणापासून तसंच आहे. मी खाली पाहत उभी राहिले.

"बोलत नाहीस का?"

मी मान हलवली.

"मंग उद्यापासून ये. बोलणाऱ्याच्या तोंडाचा वास मधी मधी येते."

घरी सगळे ज्याच्यासाठी मला नावं ठेवायचे, त्याच्याच जोरावर मला काम मिळालं.

काकाजींना माणसं नावाने कमी आणि वासाने जास्त आठवायची. कुणी विचारलं, काल कोण आलतं, तर सांगायचे, "तो नाही का, डिझेल अन् बडीशेप." आणि काकूला बरोबर समजायचं. वासांमध्ये काम करून नाक थकलं की ते स्वतःच्या कोपरात नाक खुपसून बसायचे. स्वतःच्या अंगाचा वास नाकाला कळत नाही, म्हणून तेवढा वेळ नाकाला सुट्टी, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला सवय होती. लोकांना नव्हती.

एकदा ते ओळखीत एका मौतीला गेले. तिथे कापूर, झेंडू, गुलाल आणि वरून अगरबत्तीचा पुडाच्या पुडा लावलेला. काकाजी भिंतीला टेकले आणि कोपरात नाक खुपसून बसले ते बसलेच. लोकांना वाटलं रडून राहिले. शेवटी ज्याचा बाप गेला तो मुलगाच उठून आला आणि काकाजींची पाठ थोपटायला लागला. "काकाजी, आता किती रडान? बाबाचं वय झालतं." घरी आल्यावर काकूने विचारलं, तुम्ही एवढे कायले रडले? तर म्हणाले, "अगरबत्ती दुसऱ्याची होती वो. रडू नाही तं काय?"

फोडणीशी त्यांचं वैर होतं. मोहरी-जिरं तडतडलं की दिवसभराचं नाक वाया जातं म्हणायचे. पण काकूला बिनफोडणीचं वरण गिळवत नव्हतं. म्हणून त्या मागच्या खोलीतून ओरडायच्या, "टाकू का वोऽ फोडणी?" काकाजी दारात येऊन ओलं बोट वर धरायचे, वारा कुठून येतो ते पाहायचे. "थांब... थांब... हां, टाक!" कधी कधी वारा फिरायचाच नाही. तेल तापून धूर निघायचा आणि काकू म्हणायच्या, "बाप्पा! माह्या बापानं पोरीले वाऱ्याच्या भरवशावर देल्लं."

आता व्हॅनिलाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आम्हाला व्हॅनिला म्हणजे पांढरं आइस्क्रीम एवढंच माहीत. काकाजी त्याला वनिला म्हणायचे आणि प्रत्येक अत्तरात घालायचे. त्याचं कारण त्यांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं.

"मोगरा म्हणजे पाहुणा हाय. घाईचा पाहुणा. दारात येते, राम राम करते, अन् उभ्याउभ्यानं निघून जाते. त्याले बसवाचं असन तं काय पाहिजे?"

मी दाराकडे पाहिलं.

"पाट पाहिजे, पाट. वनिला म्हणजे पाट. पाट कोणाले दिसत नाही, सारे पाहुण्यालेच पाहतात. पण पाट टाकला का पाहुणा हलत नाही."

हे मला पटलं. मनगटावर त्यांनी दोन थेंब लावून दाखवले होते, एका हाताला नुसता मोगरा आणि दुसऱ्या हाताला पाटावरचा. संध्याकाळी भांडी घासून झाल्यावरही दुसऱ्या हाताचा पाहुणा बसलेलाच होता.

कंपनीची व्हॅनिलाची पांढरी पावडर बाजारात मिळते आणि स्वस्त मिळते. काकाजी ती वापरायचे, पण मनातून नाराज असायचे. तो प्लास्टिकचा पाट आहे म्हणायचे. खरा व्हॅनिला शेंगेतून येतो, वेलाच्या. म्हणून त्यांनी दक्षिणेतून कुठून तरी एक वेल मागवला आणि शेडमध्ये खांबाला चढवला. यवतमाळच्या उन्हाळ्यात! आमच्याकडे एकच कूलर होता. तो वेलाकडे तोंड करून लागला. आम्ही चौघी घामाने निथळत अगरबत्त्या मोजायचो आणि वेल गारव्यात उभा. शेवटी आम्ही एकेक करून आपले पाट उचलले आणि वेलाच्या पायथ्याशी जाऊन बसलो. काकाजी आले, पाहिलं आणि म्हणाले, "बसा, बसा. त्यालेही सोबत होईन." त्या सोबतीचा उपयोग झाला नाही. मे महिना संपायच्या आत वेलाची दोरी झाली. काकूने तिच्यावर कपडे वाळत घातले.

दुसऱ्या वर्षी एक लग्नाचं काम आलं. बोरी अरबचे एक पाटील, घरची कापूस-तुरीची चांगली शेती, त्यांच्या मुलीचं लग्न. मांडवाच्या दारात शिंपडायला अत्तर आणि नवरदेवाकडच्या पाहुण्यांना घरी न्यायला एकेक छोटी शिशी. पाटलांनी सगळे पैसे आधीच दिले. म्हणाले, "काकाजी, माल असा पाहिजे का पाहुण्यानं नाव काढलं पाहिजे."

नाव निघालं. ते सांगते.

आमच्या शेडमध्ये एवढे पैसे एकदम कधी आले नव्हते. काकाजींनी ते घेतले आणि दुसऱ्याच दिवशी खऱ्या व्हॅनिलाच्या शेंगा मागवल्या. पार्सल आलं ते काकूने उघडलं. आत एक डबा, आणि डब्यात कागदात गुंडाळलेल्या काळ्या, तेलकट, सुरकुतलेल्या, चवळीसारख्या लांब शेंगा. काकू त्या सुपात घेऊन उकिरड्याकडे निघाल्या होत्या. काकाजी मागून धावले.

"अवो! अवो! काय करून राह्यली?"

"सडक्या बरबटीच्या शेंगा आल्या कोणाच्या तरी. फेकून राह्यली."

"पाटलाचे सारे पैसे हायेत ते सुपात!"

काकू थांबल्या. सुपाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिथेच मातीत बसल्या. "एवढ्याची बरबटी?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी वारा न पाहता फोडणी टाकली, आणि काकाजी कोपरात नाक खुपसून बसले.

शेंगा चिरून स्पिरिटात घातल्या. काकाजी रोज ती बरणी हलवायचे, तिच्याशी बोलायचे. अर्धं नाक ताजं राखून ठेवायचं म्हणून त्यांनी डाव्या नाकपुडीत कापसाचा बोळा घातला होता. त्यामुळे ते बोलायचे ते निम्मं नाकातच राहायचं. आणि त्या बोळ्यामुळेच पुढचं झालं.

शिश्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. छापून आणायला काकाजी तयार नव्हते, छापलेल्या कागदाला शाईचा वास येतो म्हणून. पेनालाही येतो. पेन्सिल चालेल म्हणाले. बाकीच्या तिघींनी माझ्याकडे बोट केलं, कारण त्या म्हणाल्या, ही बोलत नाही तर लिहीत असेल. काकाजी बरणी हलवता हलवता म्हणाले, "लिही. मोगरा व्हयनीला."

त्यांना म्हणायचं होतं मोगरा-वनिला. माझ्या कानात आलं, मोगरा वहिनीला.

मी थोडी थबकले होते, हे खरं. कारण काकाजी आमच्यासारखंच बोलतात, मले, तुले, वहिनीले. आज 'वहिनीला' काहून म्हणाले? मग मी विचार केला, चिठ्ठीवर पुस्तकातलं लिहायचं असतं. शाळेत बाईंनी तसंच शिकवलं होतं. आणि लग्नाचा माल आहे. नवरी सगळ्यांची वहिनीच होणार. मला त्यात काहीच चूक दिसली नाही, उलट काकाजींनी किती छान विचार केला असं वाटलं. विचारायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. त्यापेक्षा मी सगळ्या चिठ्ठ्या लिहून टाकल्या, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात. 'वहिनीला' शब्दात वेलांट्या नीट पडाव्या म्हणून मी घरी पाटीवर गिरवलं होतं.

लग्नाला काकाजी मला सोबत घेऊन गेले, गुलाबदाणी धरायला. डोक्यावर पदर घेऊन मी मांडवाच्या दारात उभी राहिले आणि येईल त्याच्यावर शिंपडत राहिले. दुपारचं ऊन, वरून मांडवाचं कापड तापलेलं. त्या उन्हात मोगरा खरंच उभ्याउभ्याने निघून गेला. खाली राहिला नुसता पाट. सगळ्या मांडवात व्हॅनिला.

आधी लेकरं आइस्क्रीम शोधत आली. मग नवरदेवाचा मामा आला आणि मुलीच्या बापाजवळ गेला.

"पाटील, आइस्क्रीम कवा काढता?"

"आइस्क्रीम नाही ठेवलं, मामाजी. बुंदी हाय, मठ्ठा हाय."

"अजी, वास येऊन राह्यला ना!"

"कशाचा?"

"म्हणजे आम्ही खोटं बोलून राह्यलो का? घरच्या लोकायसाठी ठेवलं असन तं तसं सांगा."

पाटील हसले, पण मामाजी हसले नाहीत. ते चार जणांना घेऊन स्वयंपाकाच्या मांडवात गेले. ड्रमाचं झाकण काढून पाहिलं, मठ्ठा. गोणपाट उचलून पाहिलं, वांगी. आचाऱ्याची झडती घेतली. आणि जितकं सापडेना तितका त्यांचा संशय वाढत गेला, कारण वास तर येतच होता. पंगत बसेना. नवरदेवाकडचे म्हणाले, आम्ही आइस्क्रीमचे भुकेले नाही, पण लपवलं काहून? शेवटी पाटलांनी मोटरसायकलवर माणूस दारव्ह्याला पाठवला. तो आइस्क्रीमचे डबे घेऊन येईपर्यंत त्याचं दूध झालं होतं. पाहुण्यांनी ते पुरीशी खाल्लं.

काकाजी खांबाजवळ उभे होते. डोळे मिटून हुंगत होते. मला हळूच म्हणाले, "पाह्य, कसा बसला!" मांडवात काय चाललं आहे ते त्यांना माहीतच नव्हतं.

मग शिश्या वाटल्या. नवरदेवाचे भाऊ, चुलतभाऊ, मित्र, सगळ्यांनी शिशी हातात घेतली, चिठ्ठी वाचली. मोगरा वहिनीला. सगळ्यांना वाटलं, ही रीत असेल इकडची. एकेक जण नवरीपुढे गेला आणि म्हणाला, "घ्या वहिनी." त्यांचं पाहून म्हाताऱ्यांनीही दिल्या. नवरी बिचारी मान खाली घालून घेत गेली. एकही शिशी पाहुण्याच्या घरी गेली नाही.

चार दिवसांनी पाटील शेडवर आले. मागे माणसाच्या डोक्यावर पोतं. पोतं खाली ठेवलं तसं खळखळ वाजलं.

"काकाजी, हे कोणं लिहिलं?" त्यांनी शिशी नाचवली. "माह्या पोरीची ट्रंक भरली. सासू म्हणते, माहेरून दुकान आणलं का? मांडवात आइस्क्रीमसाठी माही इज्जत गेली ते वेगळंच. कोणं लिहिलं हे?"

माझ्या हातातल्या अगरबत्त्या खाली पडल्या. आता गेलं काम, असं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, आता सगळ्यांसमोर मला बोलावं लागणार. काकाजींनी माझ्या दिशेला नाक वळवलं, एकदा हुंगलं, आणि पाटलांना म्हणाले, "म्या."

"तुम्ही?"

"मालक कोण हाय? मी. मंग म्याच लिहिलं."

"तं मंग माल वापस घ्या अन् सारे पैसे वापस द्या. एक रुपया कमी चालणार नाही. नाही तं ते मशीन उचलून नेतो."

काकाजी म्हणाले, "देतो." आणि काकूने मागच्या खोलीत भांडं आपटलं, कारण पैसे कुठे होते? पैसे बरणीत चिरून पडले होते. मशीन गेली की आम्ही चौघी घरी आणि काकाजींचं अत्तरही बंद, हे शेडमधल्या प्रत्येकीला कळत होतं.

पाटील गेल्यावर काकाजींनी एक शिशी घेतली, नाकातला बोळा काढला आणि चिठ्ठी पहिल्यांदा नीट वाचली. बराच वेळ वाचली. मी रडायच्या बेतात होते.

"नाव बरोबर हाय," ते म्हणाले. "इतके दिवस मी अत्तर करून राह्यलो, कोणासाठी ते मलेच माहीत नव्हतं. उद्या बोरीचा बाजार हाय. पोतं घे. पाटलाच्याच गावात विकू."

बाजारात माझी जागा पडली मिरचीवाल्याच्या बाजूला. काकाजी दोनदा शिंकले आणि "नाक जाते माहं" म्हणून पार बैलबाजाराच्या टोकाला निघून गेले. मी एकटी, पुढे गोणपाटावर शिश्या. मिरचीवाला ओरडत होता, बांगड्यावाली ओरडत होती. मला ओरडता येत नाही. मी बसून राहिले.

एक जवान माणूस वाकला. शिशी उचलली, वाचली, आणि दात काढत म्हणाला, "मोगरा वहिनीला. कोणाच्या वहिनीला?"

मी खाली पाहिलं. काही तरी बोलणं भाग होतं. बोलले, "तुमच्या."

त्याचे मित्र असे हसले की मिरचीवाला ओरडायचा थांबला. "घे ना बे! तुह्या म्हणते ते!" त्याने लाजत लाजत पैसे काढले. मग दुसऱ्याने विचारलं, कोणाच्या? मी म्हटलं, तुमच्या. मला वाटलं होतं माझा जीव जाईल, पण गेला नाही. एक बाई आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मीच वहिनी हाओ. मले कोण देईन?" मी म्हटलं, "दिराले सांगा." तिने तिथूनच हाक मारली आणि दीर धरून आणला. एक म्हातारबा मात्र अडले. "वहिनीला काहून लिहिलं? आपल्याकडं वहिनीले म्हणतात." मी कमरेची पेन्सिल काढली, 'ला' खोडून 'ले' केलं आणि दिलं. तेव्हापासून दोन्ही ठेवत गेले, पुस्तकातली आणि घरची.

त्यानंतरच्या बाजारालाही मीच बसले. बाकीच्या तिघी ओरडायला यायच्या म्हणत होत्या, पण काकाजी म्हणाले, "नोको. ही एकच शब्द बोलते, तोच पुरते." पोतं रिकामं झालं तरी लोक विचारत येत होते, म्हणून बरणीत उरलं होतं त्यातून आणखी शिश्या भरल्या. आलेले पैसे काकाजी शेंगांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे. काकू रोज झाकण काढून बघायच्या.

पुरेसे झाले तसे आम्ही बाजारातूनच पाटलांच्या घरी गेलो. पाटील म्हणाले, "एवढं कायले आले? फोनवरच पैसे टाकून द्याचे ना."

"त्या पैशाले वास नाही," काकाजी म्हणाले. "त्याचा काय भरवसा?" आणि डबा पुढे केला.

पाटलांनी मोजायला घेतले. एक गठ्ठा झाला, दुसरा झाला. काकाजींचं नाक बाजारातल्या मिरचीने थकलेलं होतं. ते कोपरात तोंड खुपसून बसले. पाटलांनी वर पाहिलं आणि घाबरले. "काकाजी! अजी, रडू नोका. म्या मशीनचं बोललो ते रागात बोललो." आतून पाटलीणबाईंनी पाणी आणलं. काकाजींनी कोपरातूनच विचारलं, "पूर्ण हाय ना?"

"पूर्ण हाय. एक रुपया कमी नाही."

"मंग झालं," म्हणाले, आणि तोंड वर काढलं. डोळे कोरडे ठाक. पाटील माझ्याकडे पाहत राहिले. मी पदर तोंडात धरला होता.

आठ दिवसांनी शेडवर पाटलांचा फोन आला. काकाजींनी तो आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"पैसे पूर्ण मिळाले, त्याबद्दल माहं काही म्हणणं नाही," पाटील म्हणत होते. "पण म्या ते कपाटात ठेवले. कपाट उघडलं का घरातले सारे लेकरं वाट्या घेऊन पुढं उभे राहतात. हा वास जाईन कवा?"

काकाजींनी काकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फार मायेने म्हणाले, "पाटील, तो पाटावर बसला. आता नाही उठत."